दोरी हलकी लागतेय, कॉम्प्रेशन ८५: पिस्टन टाकण्याआधी काय बघाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आंबा-काजूच्या बागेसाठी तुम्ही ५८ सीसीची चायनीज चेनसॉ जुनी घेतलीत. सकाळी थंड असताना चार-पाच झटक्यांत सुरू होते, वीसेक मिनिटं चालते, पण पेट्रोल भरायला बंद केली की खांदा निखळेपर्यंत दोरी ओढली तरी दाद देत नाही. दोरी हलकी लागते. गावातल्या गॅरेजवाल्यानं गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवेला किती दाबतो ते, ८५ पीएसआय सांगितलं आणि 'ब्लॉक-पिस्टन (सिलिंडर आणि पिस्टनचा सेट) टाका, होईल' म्हणाला. टाकायचा का?

टाकावा लागेल बहुतेक. पण आज टाकू नका. कोकणात निसर्ग वादळानंतर (जून २०२०) आणि पुढच्या वर्षीच्या तौक्तेनंतर घरोघरी ही मशीनं आली. आता तीच हातोहात फिरतायत आणि माझ्या टेबलावर येतायत. त्यातली बरीचशी अशी असतात की आधीच्या मालकानं नवा सेट टाकला, आठ-दहा टाक्या चालवली, पुन्हा पिस्टन पकडला, म्हणजे भिंतीला चिकटून जाम झाला, आणि मग मशीन विकली. पिस्टन हा मेलेला माणूस आहे, खुनी नव्हे. खुनी मशीनमध्येच बसलेला असताना नवा पिस्टन घालणं म्हणजे त्याला आणखी एक गिऱ्हाईक देणं.

आधी त्या ८५ वर विश्वास ठेवायचा का ते ठरवू. मोटारीच्या इंजिनाचं गेज असेल तर त्याची रबरी नळी लांब असते आणि हवा अडवणारा वॉल्व्ह कधीकधी वर डायलपाशी असतो. एवढ्याशा सिलिंडरला त्या नळीतली जागाही भरावी लागते, त्यामुळे धडधाकट मशीनही ९०-१०० दाखवते. वॉल्व्ह प्लगच्या आट्यांपाशी, अगदी टोकाला हवा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असल्या गेजच्या नादानं एका गिऱ्हाइकाचं चांगलं इंजिन उघडून बसलो होतो. आत पिस्टन आरशासारखा. पॅकिंगचे पैसे माझ्या खिशातून गेले.

मोजायची पद्धत अशी. इंजिन आधी थोडं गरम करा. होत नसेल तर थंडच मोजा, पण तसं लिहून ठेवा. स्विच बंद. प्लग काढून त्याची टोपी बाजूला सुरक्षित ठेवा, म्हणजे उडालेल्या पेट्रोलच्या फवाऱ्यावर ठिणगी पडणार नाही. गेज हातानं घट्ट बसवा. ॲक्सिलेटर पूर्ण दाबून, चोक उघडा ठेवून दोरी जोरात ओढा. काटा चढायचा थांबेपर्यंत ओढत राहायचं, साधारण सहा-सात वेळा. या वर्गातल्या मशीनला १३० च्या वर असेल तर मी उघडत नाही. ११० च्या आसपास आलं की गरम असताना सुरू व्हायला रडते, कारण गरम तेलाचा थर पातळ होतो आणि रिंगेला, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्याला, मिळणारी त्याची मदत संपते. ९० च्या खाली गेलं तर उघडण्यावाचून गत्यंतर नाही. तुमची लक्षणं ८५ शी जुळतात, तेव्हा गेज बहुधा खोटं बोलत नसावं. तरी दुसऱ्या गेजनं एकदा बघा. गेजच नसेल तर मशीन दोरीच्या मुठीनं अलगद उचलून धरा. चांगली मशीन थबकत, टप्प्याटप्प्यानं खाली येते. तुमची बहुतेक सर्रकन खाली जाईल.

इंजिन न उघडता होणाऱ्या दोन-तीन गोष्टी इथेच उरकून घ्या. प्लग ढिला आहे का? प्लगखालचा वॉशर दोन आहेत की एकही नाही? मशीनला डीकॉम्प्रेशनचं (सुरू करताना दाब सोडणारं) बटण असेल तर ते बसत नसेल. (तुमच्या मॉडेलला बहुधा नसेल.) मशीन ओव्हरफ्लो झालेली असताना मोजलं असेल तर भिंतीवरचं तेल पेट्रोलनं धुतलं जातं आणि आकडा वीस-तीसनं कमी दिसतो. सिलिंडर सुकवून पुन्हा मोजा. मग प्लगच्या भोकातून टू-टी ऑईलचे (पेट्रोलात मिसळायच्या तेलाचे) चार-पाच थेंब टाका, दोरी दोनदा हळू ओढा आणि परत मोजा. आकडा चांगला चढला तर गळती रिंगा आणि भिंतीच्या मधून आहे. अजिबात चढला नाही तर प्लगच्या बैठकीकडे किंवा डीकॉम्प्रेशनच्या बटणाकडे बघा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, आणि तिला खर्च शून्य. मफलर (सायलेन्सर) काढा. दोन-तीन बोल्ट, दहा मिनिटांचं काम. मोबाईलची बॅटरी लावून एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन बघा, फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवत. मग कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूनं, इनटेकच्या खिडकीतून तोच पिस्टन बघा. या दोन खिडक्यांत मी जितका वेळ घालवतो तितका कुठेच घालवत नाही. पिस्टन सगळं सांगतो, फक्त दोन्ही बाजूंनी विचारायला हवं.

एक्झॉस्टच्या बाजूला उभे, खोल ओरखडे आणि रिंग त्यात पुसून गेल्यासारखी दिसते, इनटेकची बाजू मात्र जवळजवळ कोरी: याचा अर्थ मशीन तापली. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली. एक्झॉस्टची बाजू मुळातच सर्वात गरम, म्हणून आधी तिथला पिस्टन फुगतो आणि भिंतीला चिकटतो. तुमच्या वर्णनावरून मला हेच दिसेल असं वाटतं.

चारही बाजूंना ओरखडे असतील तर तेलच पोहोचलं नाही. कुणीतरी कोरं पेट्रोल घातलं, किंवा कोऱ्याइतकंच वाईट. आपल्याकडे याचं एक खास कारण आहे. मे महिन्यात काम संपलं की मशीन पडवीत टांगली जाते, टाकीत अर्धं मिश्रण तसंच. ढिल्या झाकणातून पावसाचं पाणी आत जातं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पाणी इथेनॉलला ओढून तळाशी नेतं आणि टू-टी ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर वजनदार, तो तळाशीच पडलेला. दसऱ्याला दोरी ओढली की इंजिन पहिल्यांदा तो बिनतेलाचा थर पितं.

इनटेकच्या बाजूला बारीक, राखाडी, पॉलिश पेपरनं घासल्यासारखा पट्टा दिसला, पिस्टनचा खालचा घेर पातळ झालेला असला, तर धूळ आत गेली आहे. एअर फिल्टर फाटलेला, नीट न बसलेला, नाहीतर काढूनच ठेवलेला. जमिनीवर पडलेलं खोड कापताना जांभ्याची तांबडी माती चेनबरोबर उडते आणि ती पिस्टनला कानशीसारखी लागते. इथे इंजिन एकदम पकडत नाही, महिनोन्‌महिने झिजत जातं. तुमच्या मशीनमध्ये हे आणि तापलेलं असं दोन्ही सापडलं तरी मला नवल वाटणार नाही.

आणि कधी कधी काहीच ओरखडे नसतात, पण रिंग खाचेत कार्बननं चिकटून बसलेली असते. काडीनं दाबली तर हलत नाही. असं निघालं तर नशीबवान आहात. पिस्टन काढून रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा, रिंग अलगद सोडवा, तुटक्या जुन्या रिंगेच्या टोकानं खाच खरवडा. कॉम्प्रेशन परत येतं आणि खर्च फक्त पॅकिंगचा.

समजा एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे आहेत. मग हवा कुठून शिरतेय ते शोधल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँक फिरते ती पेटी, हाच पंप आहे. तिथे केसाएवढी फट पडली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि मशीन मस्त जोरात पळते. गिऱ्हाईक खूश असतो: 'आता काय पिकअप आलाय!' तो पिकअप म्हणजे पिस्टनचा शेवटचा श्वास.

ही परीक्षा इंजिन उघडण्याआधीच होते, म्हणून तिचा क्रम सोडू नका. एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा ठेवून मफलर परत आवळा. इनटेकच्या जोडावर कार्बोरेटरच्या जागी पत्र्याची पट्टी आणि रबर आवळा. प्लगच्या भोकात जुन्या प्लगचं पोर्सलिन फोडून त्यात नळी बसवलेला जुगाड लावा. हवा भरायला माझ्याकडे रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल आहे. डायल ३०० मिमी पाऱ्यापर्यंत असतो, म्हणजे सुमारे ०.४ बार. एवढं पुरतं. ०.५ बारच्या वर जाऊ नका, नाहीतर चांगलं सीलच उलटेल. पिस्टन खाली आणून हवा भरा, काटा अर्धा मिनिट जागचा हलू नये. उतरला तर साबणाचं पाणी घेऊन शोधा: फ्लायव्हीलमागचं सील, क्लचमागचं सील, सिलिंडरखालचं पॅकिंग, क्रँककेसच्या दोन भागांची सांध, इनटेकचा जोड. फ्लायव्हील हळू फिरवत राहा. कधी सील एका ठिकाणी धरतं आणि दुसरीकडे सोडतं, आणि पिस्टन वर असल्याशिवाय इनटेकचा जोड नीट तपासलाच जात नाही.

दाबानं पास झाली म्हणून थांबू नका. उलटीकडूनही, म्हणजे हवा ओढूनही बघा. सीलचा ओठ आतल्या दाबानं क्रँकच्या दांड्याला उलट घट्ट बसतो, आणि हवा ओढली की सुटतो. मशीन चालताना दोन्ही घडतं. हातपंप नसेल तर मोठी सिरिंज आणि एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह यावर भागतं. या चायनीज मशीनवर मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला चोर म्हणजे इनटेकच्या जोडाचे ढिले झालेले स्क्रू. त्याच्या खालोखाल क्लचकडचं सील. दोन्ही मिळून शंभर-दीडशे रुपयांचं काम, आणि त्यापायी हजारांचे पिस्टन मेलेत.

गळती सापडलीच नाही तर कार्बोरेटरकडे वळा: चोंदलेली जाळी, कडक झालेलं डायफ्राम, टाकीतली चिरलेली पेट्रोल नळी. इथेनॉलमुळे जुनं रबर लवकर फुगतं किंवा तडकतं. आणखी एक बाब फार कुणी लक्षात घेत नाही. साध्या पेट्रोलच्या १ भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या पेट्रोलवर सेट केलेली मशीन स्क्रूला हात न लावताही आज पातळ चालते.

आता उघडा. क्लच काढायचा असेल तर त्याच्या आट्या उलट्या असतात: उजवीकडे फिरवला की सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी सोडा, लोखंडी काही घालू नका. सिलिंडरचे चार बोल्ट क्रॉसमध्ये थोडे थोडे ढिले करून सिलिंडर सरळ वर उचला. खाली क्रँककेसच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा. गजन पिनचं (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनेचं) लॉक हे माझ्या आयुष्यातलं सर्वात चपळ जनावर आहे. एकदा ते उडून फडक्याच्या बाजूनं क्रँककेसमध्ये गेलं. चुंबक लावला, मशीन उलटी करून अर्धा तास हलवली, शेवटी केस फोडावी लागली. तेव्हापासून फडकं आधी, पक्कड नंतर.

कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली ओढा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली जराही खेळ नको. क्रँक दोन्ही टोकांना धरून हलवून बघा. इथे खेळ असेल तर बेअरिंग गेलं. मग केस फोडायची, बेअरिंग-सील सगळं आलं, आणि तुमच्या मशीनच्या किमतीचा विचार करता मी सरळ सांगेन की ही मशीन सुट्या भागांसाठी ठेवा.

रॉड ठीक असेल तर सिलिंडर बघू. बाईकच्या मिस्त्रीची पहिली सूचना असेल, 'बोअर मारून घेऊ', म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करू. इथे ते चालत नाही. या सिलिंडरला लोखंडी लायनर नसतो, ॲल्युमिनियमवर क्रोमचा किंवा निकेलचा पातळ कडक थर असतो. रिबोअर केलं की थरच जातो. पण भिंतीवर दिसणाऱ्या सगळ्याच रेघा ओरखडे नसतात. बऱ्याचदा ते पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला फासलेलं असतं. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर, कापसाच्या बोळ्यानं फक्त त्या पट्ट्यावर बाथरूम साफ करायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, लावा. बुडबुडे येतील. मिनिटभरात पुसा, भरपूर पाणी, परत लावा. खिडक्यांच्या कडांना थर संपतो, तिथे ॲसिड जाऊ देऊ नका. फासलेलं निघून गेल्यावर बुडबुडे थांबले तर खालचा थर शाबूत आहे. थांबतच नसतील तर थर गेला, ॲसिड आता सिलिंडरच खातंय. लगेच धुवा आणि नवा सिलिंडर घ्या. थर शाबूत असेल तर हिरव्या घासणीनं तिरप्या रेघा मारत हलका हात फिरवा, साबणानं धुवा, सुकवा, तेल लावा. नखाला लागणारी खाच राहिली तर मात्र माया करू नका.

रिंगेची परीक्षा साधी आहे. नवी रिंग सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्यानं ढकलून सरळ करा आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.२ मिमीच्या आसपास उत्तम, ०.३ पर्यंत बिनधास्त. नवी रिंग घालूनही ०.५ च्या पुढे गेली तर भिंत झिजलीय.

सामान मागवताना फसू नका. ५२ सीसी म्हणून येणाऱ्या मशीनचा पिस्टन सहसा ४५ मिमीचा, ५८ चा ४५.२. डोळ्याला एकसारखेच. ४५ चा पिस्टन ४५.२ मध्ये बसतो, मशीन सुरूही होते, आणि चार दिवसांत तुम्ही परत माझ्या दारात. व्हर्निअरनं जुना मोजा, पिस्टनच्या खालच्या घेरावर, पिनेच्या आडव्या दिशेनं. सिलिंडरही बदलायचा असेल तर अख्खा सेट साधारण हजार-दीड हजारात येतो. त्यातला पिस्टन बऱ्याचदा चांगला असतो पण लॉक पिचपिचीत असतात. लॉक वेगळे, बऱ्यापैकी घ्या. गजन पिनचं सुईबेअरिंगही नवंच.

जोडताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगेची टोकं खाचेतल्या खिळीशी जुळलेली, नाहीतर खिडकीत अडकून रिंग मोडेल. लॉकचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको. पॅकिंग नवं, दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ. सगळीकडे टू-टी ऑईल चोपडून रिंग बोटांनी दाबत सिलिंडर सरकवा. जोर लावावा लागला तर थांबा, काहीतरी अडलंय. बोल्ट क्रॉसमध्ये, दोन फेऱ्यांत. केस मऊ धातूची आहे, हात आवरा. आणि मफलर-कार्बोरेटर चढवण्याआधी हवेची परीक्षा पुन्हा एकदा. ही दुसरी परीक्षा कंटाळून टाळणारे मला ठाऊक आहेत, मीही कधीकाळी त्यांतलाच.

कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये ०.३ मिमी अंतर ठेवा. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून आवळलं की जमतं. प्लग त्याच लांबीचा हवा. मोटारीचा लांब आट्यांचा प्लग पिस्टनच्या माथ्यावर आदळतो.

कार्बोरेटरचे एच (जोरात पळतानाच्या पेट्रोलचा) आणि एल (हळू चालतानाच्या पेट्रोलचा) दोन्ही स्क्रू अलगद बंद करून दीड-दीड फेरा उघडा आणि तिथून सुरू करा. पेट्रोल ताजं, तेल चांगलं, लिटरला ४० मिली. तुमच्या तेलाच्या बाटलीवर ५०:१ लिहिलं असलं तरी पहिल्या पाच-सहा टाक्या मी २५:१ च ठेवतो. मशीन गरम झाली की पूर्ण ॲक्सिलेटरवर मोकळी पळवून दोन-तीन सेकंद ऐका. आवाज थोडा फडफडता, अडखळता हवा, आणि खोडात दात घातले की तो साफ व्हायला हवा. मोकळ्यावरच सुईसारखा किंचाळत असेल तर एच स्क्रू पाव फेरा उघडा. आवाज कानाला गोड लागेपर्यंत स्क्रू आवळत जाण्याची सवय आपल्याकडे फार. बहुतेक तुमच्या आधीच्या मालकालाही होती.

पहिली टाकी आकेशियासारख्या जाड कठीण खोडात घालू नका. फांद्या तोडा, मधे मधे आयडलवर ठेवा. टाकी संपली की थंड होऊ द्या आणि सिलिंडर, मफलर, इनटेक तिन्हीकडचे बोल्ट पुन्हा तपासा. नवी रिंग बसायला वेळ घेते, त्यामुळे लगेच मोजलंत आणि ११५-१२० दिसलं तर घाबरू नका. पाच-सहा टाक्यांनंतर त्याच गेजनं परत मोजा आणि मफलर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनचा एक फोटो घ्या. आकडा आणि फोटो दोन्ही पाठवा, मग एच स्क्रू आणखी हलवायचा की नाही ते सांगतो.